गुडघ्याचा इलाज

मंगफ, कुवेत
२ जुलै २००६

प्रिय परीक्षित,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठीक आहे, मीही ठीक आहे. मेल का केली नाही असं तू म्हणशील. मेल करायची तर मला ती इंग्रजीत टाइप करावी लागते, आणि इंग्रजीत मी फक्त रिपोर्ट लिहिलेत. रिपोर्टमध्ये काय बिघडलं ते लिहितात. कुणी बिघडवलं ते लिहायची पद्धत नाही. फोनवर तर आपलं ठरलेलंच आहे, दर शुक्रवारी जेवणानंतर तुमच्याकडे किती ऊन, आमच्याकडे किती ऊन, एसी चालतोय ना, चालतोय, ठेवतो. कुवेत ते तुझं सौदीतलं जुबैल हे रस्त्यानं जेमतेम अर्ध्या दिवसाचं अंतर, पण चार वर्षांत त्या फोनवरून हवामानापलीकडचं काहीच गेलं नाही. त्यात तुझा दोष नाही.

आधी बातमी. मी नोकरी सोडतोय. काढलेलं नाही, मीच राजीनामा दिला आहे. या महिन्याअखेर मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीचा माझा गेट पास जमा होईल. इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये केक कापणार आहेत म्हणे. नव्या मुलांनी बोर्डावर 'सीनियर टेक्निशियन' लिहिलं होतं, ते मी पुसून 'सुपरवायझर' करायला लावलं. चौदा वर्षं झाली त्या पदाला. तू हसशील, पण निरोपाच्या दिवशी तरी हुद्दा बरोबर असावा.

आता गुडघ्याचं. गेली तीन वर्षं मे महिन्यात मी नाशिकला गुडघ्याच्या इलाजासाठी जातो हे तुला माहीत आहे. एकदा तू जुबैलहून तेलाच्या दोन बाटल्याही पाठवल्या होत्यास. तेल चांगलं होतं, आई ते केसांना लावते. परीक्षित, माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. मी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या परीक्षा देत होतो. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन. पास झालो, पहिल्या वर्गात. तर्कशास्त्रात तीन गुण कमी दिलेत असं माझं अजून मत आहे, पण ते असो.

तुझ्या आईला मी हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी घाबरत घाबरत सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. दुखरा गुडघा घेऊन माणूस जिने असा उतरत नाही. मी नर्स आहे." बाकी ओळखलं ते फक्त गफूरनं, आमच्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरनं. मी जाता-येता बसमध्ये वाचायचो. तो एकदा आरशातून बघून म्हणाला, "साब, इस उमर में इम्तिहान है क्या?" सगळी बस हसली. मीही हसलो. खरं बोलणाऱ्याला हसून घालवता येतं, ही युक्ती मला पूर्वीपासून येते.

हे वाचन सुरू कसं झालं, ते तुला नीट क्रमानं सांगायला हवं. तुझा जुबैलचा व्हिसा लागला आणि तू गेलास, त्यानंतर दोनच महिन्यांनी आम्ही अबू हलीफाचा फ्लॅट सोडून इथं मंगफला आलो. सामान बांधताना तुझ्या पलंगाखाली केळ्यांचं एक खोकं निघालं. त्यात तुझी पुस्तकं. काही पुण्यातल्या तुझ्या कॉलेजची, काही त्या इंग्लंडच्या विद्यापीठानं यादी पाठवली म्हणून तू जमवलेली. जीवशास्त्राचं तत्त्वज्ञान. तुला तिथं जागा मिळाली होती, एक वर्षाचा कोर्स, आणि मी नाही म्हणालो होतो. का नाही म्हणालो ते तुला तेव्हा मोठ्या आवाजात सांगितलं होतं, त्यामुळे ऐकू आलं नसणार. हळू आवाजात सांगायचं तर असं आहे. नव्वद साली इराकी सैन्य आलं आणि आपण एका बॅगेनिशी जॉर्डनच्या वाळवंटात तंबूत बसलो होतो, तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. वाळूत एक काळा किडा पाय वर करून चालला होता, आणि तू मला विचारत होतास की हा कशासाठी आहे. मी पाण्याच्या रांगेत होतो, तुझ्यावर खेकसलो. युद्ध संपल्यावर डिग्रीवाल्यांना कंपन्यांनी कुवेतला आधी परत बोलावलं. मला दीड वर्षानं. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आणि जे शिकलो ते मॅन्युअल वाचून, उघडून, जोडून. काम मला डिग्रीवाल्यांइतकं येत होतं, थोडं जास्तच, पण दाखवायला कागद नव्हता. तेव्हा मी ठरवलं की माझ्या मुलाच्या हातात असा कागद असेल की तो कुठल्याही गेटवर चालेल. म्हणून इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. बी.एस्सी. झालेला मुलगा, वर सेफ्टीचा डिप्लोमा, आखातात लगेच उचलतात. व्हिसाला मुदत असते, गेला तर गेला, असं रोज तुझ्या कानाशी म्हणत राहिलो. मुदत होती हे खरं. पण तिचा वापर मी केला हेही खरं.

तर ते खोकं. मी पुस्तकं उघडली ती चुका काढायला. खोटं सांगत नाही. माझा बेत असा होता की एकेक पुस्तक वाचायचं, त्यातला पोकळपणा मुद्द्यांनिशी लिहून काढायचा आणि तुला पाठवायचा, म्हणजे मी नाही म्हणालो ते किती बरोबर होतं हे एकदाचं ठरेल. पहिल्या पुस्तकाला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत पुस्तकातल्या दोन चुका सापडल्या. दोन्ही छपाईच्या.

तुला आठवत असेल, पहिल्याच प्रकरणात प्रश्न आहे. हृदय रक्त ढकलतं आणि आवाजही करतं. मग रक्त ढकलणं हे त्याचं काम आणि आवाज हे काम नाही, असं कुणी ठरवलं? मी बसमध्ये हे वाचलं आणि मोठ्यानं 'त्यात काय' म्हणालो. आमच्याकडे प्रत्येक उपकरणाला टॅग असतो, टॅगला डेटाशीट असते, तिथं काम लिहिलेलं असतं. मग लक्षात आलं की हृदयाला डेटाशीट नाही. लिहिणाराच नाही. आणि तरी डॉक्टर 'बिघडलं' असं म्हणतात. काय व्हायला हवं होतं हे कुठंच लिहिलेलं नसताना बिघडलं कसं म्हणता येतं? त्या दिवशी मी फहाहीलचा स्टॉप चुकवला. गफूरनं बस थांबवून मला उलट्या दिशेनं चालत पाठवलं.

माणूस पन्नाशीला आला की त्याला नवं काही कळत नाही असं म्हणतात, ते चूक आहे. कळतं, पण कळल्याचा आनंद होताना बरोबर लाजही वाटते. मला रात्री अंथरुणावर वाटायचं की हे परीक्षितला सांगावं. आणि लगेच वाटायचं, कुठल्या तोंडानं? जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं आणि आता स्वतः बोटं चाटत विचारतोय की किती छान झालंय नाही? शुक्रवारी तू फोन करायचास तेव्हा कितीदा तोंडाशी आलं. एकदा तू म्हणालास की साइटवर कुणी परांचीवरून पडला, तीन दिवस चौकशी चालू आहे, 'कारण' या रकान्यात काय लिहायचं कळत नाही. कारण म्हणजे काय यावर तुझ्याच खोक्यातलं अख्खं प्रकरण मी त्या आठवड्यात वाचलं होतं. मी म्हणालो, वरच्या साहेबाला विचारून लिही.

बी.ए. झाल्यावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही. पुण्याच्या एका विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला अर्ज केला, कारण तिथं जीवशास्त्राचं तत्त्वज्ञान हा विषय आता वेगळा शिकवतात. गेल्या महिन्यात मुलाखतीला जाऊन आलो, त्यालाच तुला चौथा इलाज म्हणून सांगितलं. प्रवेश मिळाला आहे. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतात. म्हणून राजीनामा. आईनं इथं आणखी दोन वर्षं नोकरी करायचं ठरवलं आहे. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला नाही म्हणालात आणि स्वतः जाऊन बसताय. बसा. पण हे त्याला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, माझ्या नाही." तिचं बरोबर आहे. पण एवढंच असतं तर मी हे फोनवर सांगितलं असतं. थोडा ओरडला असतास, कदाचित हसलाही असतास.

मुलाखत घेणाऱ्या विभागप्रमुख डॉ. मुनिरा म्हणून आहेत. तुझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. मला 'जगन्नाथराव' म्हणाल्या, बसायला त्यांच्याजवळची पंख्याखालची खुर्ची दिली. पाठ करून नेलेली उत्तरं मी धडाधड दिली, आणि त्यांना ती पाठ आहेत हे कळत होतं, हे मलाही कळत होतं. मग त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या की पुस्तक बाजूला ठेवा, एखाद्या गोष्टीचं काम काय हे तुम्ही कसं ठरवाल? आणि एकदम मला अबू हलीफातलं आपलं जेवणाचं टेबल दिसलं. दोन हजार एक, जुलैतला शुक्रवार. तो शेवटचा, भांडणाचा. आई वाढत होती, आणि तू मला समजावायचा प्रयत्न करत होतास, माझ्या भाषेत, माझ्याच प्लँटचं उदाहरण घेऊन. आमच्या युनिटमध्ये कंट्रोल व्हॉल्व्हला वळसा घालून जाणारा एक पाइप आहे. ड्रॉइंगप्रमाणे तो फक्त दुरुस्तीच्या वेळी वापरायचा. पण ऑपरेटर लोक तो रोज पहाटे थोडा उघडतात, त्याशिवाय लाइन नीट गरम होत नाही. ही गंमत मीच कधीतरी तुला सांगितली होती. तू म्हणालास, "बाबा, ज्यानं तो ड्रॉइंगमध्ये काढला तो माणूस केव्हाच गेला. दुरुस्तीसाठी तो पाच वर्षांत कुणी वापरला नाही. तरी प्रत्येक शटडाउनला तुम्ही तो पुन्हा बसवता. का बसवता, याचं जे उत्तर आहे तेच त्याचं काम. हृदयाचंही तसंच असेल तर?" तुझा हात घासासकट हवेत तसाच होता. मी म्हणालो, "पाइपला पगार लागत नाही." आणि ताटावरून उठलो. त्यानंतर तू या विषयावर माझ्याशी बोलला नाहीस.

ते मी मॅडमना सांगितलं. अगदी तसंच, तुझ्या क्रमानं, 'हृदयाचंही तसंच असेल तर' हेसुद्धा. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "हे तुमचं स्वतःचं?" आणि मी म्हणालो, "हो." विचार करून म्हणालो नाही, पण म्हणालो. पुढं तीन आठवडे मी स्वतःला समजावत आलो की पाइप तर माझाच आहे, तो रोज उघडणारी माणसं माझी आहेत. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रिपोर्टमधला ढिसाळपणा पकडत आलो, मला स्वतःचा कसा सुटेल? पाइप माझा. विचार तुझा. दोन्ही वेगळं सांगता येत होतं आणि मी सांगितलं नाही. परवा त्यांचं पत्र आलं की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर 'तुमचं पाइपचं उदाहरण' मांडा. येत्या शनिवारी मी त्यांना फोन करून खरं सांगणार आहे, मग ती जागा राहो की जावो. त्याआधी हे तुला कळावं म्हणून तुला लिहिलं, कारण वस्तू तुझी गेली आहे आणि तुलाच ते माहीत नव्हतं. ती मिळाली एकविसाव्या वर्षाच्या तुझ्याकडून, आणि ती ऐकून एका जाणत्या बाईनं पेन खाली ठेवलं, एवढं तरी मी तुझ्यापर्यंत पोचवायला हवं होतं. एम.ए.ला मी जावं की न जावं हे मी तुला विचारत नाही, असं लिहिणार होतो. पण विचारतोय. नाही म्हणालास तर नाही, आणि या वेळी मी ताटावरून उठणार नाही.

तुझाच, तुझं ऐकायला पाच वर्षं उशीर केलेला,
बाबा