बाकावरचं औषध

होम्स काउंटी,
मंगळवार, १४ मे

प्रिय मलिंडा,

देवाच्या दयेने इथे सगळे हिंडतेफिरते आहेत, तूही असशील. पहाटे दव होतं, आता ऊन आहे. परसातला रुबार्ब इतका माजलाय की त्याचे आंबट देठ फॅनीमावशीला दोन टोपल्या दिले तरी उरलेच. तिची कवळी पुन्हा सैल झालीय. बोलायला लागली की ती एकीकडे आणि दात दुसरीकडे.

मोठी बातमी म्हणजे आपली व्हर्ना काल गोठ्यात पळत गेली. पळत! तुझा भाऊ ओरडला, "हळू गं, छाती भरून येईल!" तर म्हणते कशी, "बाबा, छाती माझी आहे, मला विचारा ना!" नऊ वर्षांचं पोर आणि जीभ बघ. तुझ्यावर गेलीय. सकाळी मक्याची लापशी दोनदा मागून घेतली, वर काकवी. मी चुलीपाशी एकटीच हसत होते.

मला अजून नवल वाटतं. हॉस्पिटलात तिच्या छातीतलं पाणी तपासायला काढलं काय, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर हजर! मला शाळा थोडी. तू समजावलंस तेवढं कळलं, की प्रत्येक जंतूची, बुरशीची आतली वीण वेगळी आणि मशीन ती ओळखतं. म्हणजे गोधडीसारखंच की! टाके बघून मी सांगते ना, ही फॅनीची, ही बिशपच्या बायकोची (तिचे टाके लांब पडतात, कुणाला बोलू नकोस). तर व्हर्नाच्या छातीत निघाली कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यातली बुरशी. म्हणून न्यूमोनियाच्या गोळ्या लागूच पडत नव्हत्या.

खुराडं पाडलं तेव्हा धूळ ही एवढी उडाली होती. व्हर्ना पोती झटकत होती, तुझे वडील फळ्या उपटत होते. दोघंच होती.

काल धुणं केलं. तुझ्या वडिलांची पँटही धुऊन वाळत घातली. ईस्टरच्या आधी त्यांना पुरलं, पँट कुणी घातलेली नव्हती, तरी धुतली. हात आपोआप जातात. फॅनी विचारते, रडतेस का. नाही रडत. बरी आहे मी.

ते आजारी होते तेव्हा तू त्यांच्यासाठी गाडी घेऊन आलीस. ओसरीवरूनच म्हणालीस, "बाबा, मोठ्या हॉस्पिटलात चला, नक्की कशाने झालंय ते लगेच कळेल." नर्स व्हायला घर सोडलेल्या, चर्चच्या मंडळीने वाळीत टाकलेल्या लेकीच्या गाडीत ते बसणार नव्हतेच. खोकत म्हणाले, "सलोमा, दार लाव, वारा येतोय." मी लावलं.

वारा नव्हता.

मग व्हर्नालाही तसाच खोकला लागला, तेव्हा तुझ्या भावानेच शेजाऱ्याकडून तुला फोन केला. तरी हॉस्पिटलात जाताना आम्ही भाड्याच्या गाडीत, आणि पुढे तुझी गाडी रिकामी. व्हर्ना म्हणाली, "आत्याच्या गाडीत एवढी जागा आहे ती काय बटाट्यांसाठी?"

उत्तर आलं तेव्हा मी डॉक्टरला विचारलं, "आमच्या ह्यांचंही असंच सापडलं असतं का?" तो बुटांकडे बघत राहिला, तू खिडकीबाहेर. मला कळलं. ते कळलेलं कुठे ठेवायचं ते मात्र कळत नाही.

तू औषधाची बाटली आणतेस, ओसरीतल्या बाकावर ठेवतेस, चार पावलं मागे सरतेस, मग मी उचलते. तुझ्या हातून काही घ्यायचं नाही हा आमचा नियम, आणि पाळतेस तू. परवा व्हर्नाने विचारलं, "आजी, बाटली गरम असते का गं? आत्या हातात का देत नाही?" मी भांडी विसळत राहिले.

बिशपला कळलं तर मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली द्यावी लागेल. गुडघे तसेही दुखतातच. टेकेन.

शनिवारी येशील तेव्हा बाटली बाकावर ठेवू नकोस. तिथे तुझ्यासाठी रुबार्ब ठेवलेला असेल, जागा नसेल. माझ्या हातात दे. दार उघडं ठेवते, वारा असला तरी.

तुझी आई,
सलोमा