चिंच खाणारी राणी

नंदनवन, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. गोपिकास,
अ. उ. आ.

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा चढतो, म्हणून पत्र. आपल्या ऋषिकेशने काढलेली राणी अंबावतीची तसबीर परवा तिच्याच नावाच्या सभागृहात लागली. भावाने नाव काढलं म्हणावं की घालवलं, हेच लोकांना कळेना. राणी म्हटली की सिंहासन हवं, नथ हवी, हातात तलवार हवी. याने तिला जमिनीवर बसवली, एक गुडघा वर, तोंडात चिंचेचं बुटुक आणि आंबटपणाने एक डोळा गच्च मिटलेला. एका आजोबांनी दारातच विचारलं की राणी डोळा काहून मारून राहिली बावा. शेजारच्या सिंधूताईंना वाटलं, राणीला डोहाळे लागले. कॉलेजच्या पोरी एक डोळा मिटून फोटो काढून राहिल्या आहेत, आणि काही मंडळी तसबीर उतरवा म्हणून दारात घोषणा देताहेत.

मी मात्र बघताक्षणी ओळखलं. तो मिटलेला डोळा तुझा. आई गेली तेव्हा ऋषी एवढासा होता. त्याला न्हाऊ घातलं मी, गोवरात त्याच्या उशाशी बसले मी, आणि राणी कोण, तर तू! माझं नाक काय वाईट होतं गं? दोन दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही. स्पष्टच सांगते, जळते मी.

असो. वीस तारखेला राणीची पुण्यतिथी. तसबिरीला हार घालायचा मान महिला मंडळाने मला दिलाय. एवढा तरी माझा.

जावईबापूंना नमस्कार सांग. लोभ थोडा आटलाय, तो भरून काढणं तुझ्याकडे.
तुझी,
शामलाताई


सावनेर
१४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

पत्र वाचून इतकी हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. अगं, मी काही मुद्दाम राणी व्हायला बसले नव्हते. मागच्या उन्हाळ्यात ऋषी आला तेव्हा मी ओसरीवर चिंचा फोडत होते. एक तोंडात टाकली, तेवढ्यात हा म्हणाला की ताई, हलू नको वं. माझा पाय बधिर झाला, भाजी करपली, पण हलले नाही.

आणि जळण्याचं म्हणशील तर मी काय कमी जळले? तुला मंडळ, तुला स्टेज, पेपरात फोटो तुझे. मी लग्न होऊन इथे आले ती चुलीपुढचीच झाले. एकदा, एकदाच मी तुझ्या पुढे गेले, तर तेवढंही तुला बघवेना.

पण ताई, भावासाठी सांगते. सभागृहाच्या ट्रस्टचे मधुकरराव पुण्यतिथीनंतर ठरवणार आहेत, तसबीर ठेवायची की काढायची. ऋषी खापरखेड्याला शिकवतो त्या शाळेत मान खाली घालून फिरतोय. तो म्हणतो, ताईने सगळ्यांसमोर हार घातला की लोकांची तोंडं बंद होतील. त्याची सगळी भिस्त तुझ्यावर आहे.

आशीर्वाद कमी करू नकोस.
तुझी,
गोपी


सावनेर
२२ फेब्रुवारी २०२५

सौ. ताईस,

नमस्कार. पेपर वाचला. तू स्टुलावर चढलीस, हार हातात घेतलास आणि तो खुर्चीवर ठेवून, एक शब्द न बोलता सभागृहाबाहेर निघून गेलीस. मधुकरराव म्हणाले म्हणे की चित्रकाराच्या सख्ख्या बहिणीलेच पसंत नाही, तर गावाले कशी पडन? त्याच दुपारी तसबीर उतरवली. ऋषी फोन उचलत नाही.

माझा राग होता तर मला दोन थोबाडीत मारायच्या होत्यास. त्या पोराच्या पोटावर पाय कशाला? इतकं जळतं का गं माणूस?

लोभाचं काही लिहीत नाही.
गोपिका


नंदनवन, नागपूर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. गोपे,
अ. उ. आ. घे, नको असला तरी.

तुझं पत्र वाचलं. मग उठून मधुकररावांकडे गेले. जे त्या दिवशी तोंडातून फुटलं नाही ते त्यांना सांगितलं, आता तुला सांगते.

मी हार घालायलाच गेले होते, आणि मिरवायलाही. नवी पैठणी नेसले होते. स्टुलावर चढले आणि तू एकदम नाकासमोर आलीस. खाली सगळे टाळ्यांसाठी हात उचलून उभे. आपल्या घरात हार आहेत ते दोनच तसबिरींना, आईच्या आणि बाबांच्या. राणी मेली त्याला दोनशे वर्षं झाली असतील, पण तो चेहरा सावनेरला भाकऱ्या थापतोय. जित्या माणसाच्या तसबिरीला कोणी हार घालतं का? हार खुर्चीवर ठेवला आणि बाहेर पडले. बोलायला गेले असते तर तिथेच रडले असते.

मधुकरराव म्हणाले की मग तवाच सांगाचं होतं वं बाई, आम्ही काय परके हाओ? सोमवारी तसबीर पुन्हा लागते आहे. हार कधीच घालायचा नाही, फुलं खाली तबकात ठेवायची, हे त्यांनी कबूल केलंय. ऋषी काल इथेच जेवला. माझ्या हातचं पिठलं दोनदा मागून घेतलं, तेव्हा समजले की राग गेला.

आणि जळण्याचं विचारलंस. हो, जळते. सोमवारी तुला पुन्हा भिंतीवर बघीन तेव्हाही जळणार आहे. पण गोपे, जळायला तरी मला तू हवीस, आणि माझ्यानंतरही पुष्कळ वर्षं हवीस.

आता तरी लोभाचं एक अक्षर लिही.
तुझी,
ताई