दोन वाचनालयं, एक स्टँडर्ड

११ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. प्रसिद्ध झाल्यावर बघू.

प्रॉब्लेम: गुरुसिद्धप्पा काकांचं अक्कलकोट रोडचं वाचनालय ओस पडलंय. जुने मेंबर जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन गेले. पुस्तक बदलायला एवढ्या लांब कोण येणार? कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, मार्चपर्यंत वाचक दिसले नाहीत तर खोली टॉवेलच्या गोडाऊनला देणार. काका जेवले नाहीत.

सोल्यूशन: मी. जुळे सोलापुरात श्रीदेवी मॅडमचं वाचनालय आहे. दोन्हीकडचं सॉफ्टवेअर वेगळं, एकमेकांशी बोलत नाही. मी स्टँडर्ड लिहिणार, म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअरना कळतील असे एकच नियम, मग कुठलंही पुस्तक कुठंही बदला. आपण इंग्लिश मीडियमचे, प्रोटोकॉल वाचायला डिक्शनरी लागत नाही. वाचनालय वाचलंच समजा.

१४ नोव्हेंबर
लोगो झाला. स्टँडर्ड उद्या.

१९ नोव्हेंबर
लोगो बदलला.

२४ नोव्हेंबर, दुपारी
स्टेकहोल्डर मीटिंग. काका, श्रीदेवी मॅडम आणि भजी. जगभर इश्यू वेगळा, रिटर्न वेगळा, असं मी समजावलं. काका म्हणाले, तसं हितं नसतंय. एक द्यायचं, एक न्यायचं. त्याला बदलणं म्हणतात. रिकाम्या हातानं आलेल्याला आपण चहा पाजतो, पुस्तक देत नाही. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे की.

जगाला चुकीचं ठरवून दोन्ही पार्ट्यांचं एकमत घडवून आणलं. याला लीडरशिप म्हणतात.

८ डिसेंबर
लाँच! सिस्टिम एकमेकींशी बोलल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी. (चष्मा नवीन आहे म्हणाले.)

९ डिसेंबर
छोटासा इश्यू. आपल्या जुन्या मेंबर गौरम्मा आजींनी जुळे सोलापुरात दिवाळी अंक परत केला. अंक तिकडचाच, तिकडचा नंबर ४१२. काकांकडं ४१२ म्हणजे 'शेळीपालन'. आजी कादंबरी घेऊन घरी गेल्या आणि मोबाइलवर मेसेज: शेळीपालन परत केल्याबद्दल आभार. आजींचा फोन. मी तिसऱ्या मजल्यावर राहते रे बाबा, शेळ्या काय बाल्कनीत बांधू?

श्रीदेवी मॅडम म्हणाल्या, नंबराच्या आधी वाचनालयाचं नाव लावायचं ना, एवढं साधं. मी म्हटलं, टेस्टिंगसाठी मुद्दाम ठेवलं होतं. मॅडमनी कपाळाला हात लावला. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

२१ डिसेंबर
नाव लावलं. मक्खन चाललंय. जुने मेंबर परत आले! म्हणजे तिकडं आले, पण आपलेच. मोबाइलवर आपली यादी बघतात, मी पिशवीतून पुस्तकं तिकडं पोचवतो, ते तिथंच बदलतात.

काकांनी विचारलं, ही पुस्तकं परत हिकडं कोण आणणार? म्हटलं, ते व्हर्जन टूमध्ये. काका वैतागले की कानडीत बोलतात. होगली बिडु म्हणाले. जाऊ दे. म्हणजे अप्रूव्हल.

१ जानेवारी
संकल्प: पहाटे उठून व्हर्जन टू.

२ जानेवारी
उठलो. थंडी होती. क्रिएटिव्ह काम गरम झाल्यावर होतं.

१६ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेला गेलो. मोठ्या पाळण्यात वर गेल्यावर व्हर्जन टूचं सगळं डिझाइन सुचलं. खाली आल्यावर उलटी झाली. डिझाइन आठवत नाही.

५ फेब्रुवारी
काकांच्या रॅकवर पुस्तकं विरळ झाली. हेल्दी सिस्टिमचं लक्षण. स्टॉक अडकून पडलेला नाही.

१७ फेब्रुवारी
रॅकवर उरलंय ते: जुनी स्पर्धा परीक्षा गाइडं आणि एक पाल. शेळीपालनसुद्धा तिकडं गेलं. गौरम्मा आजींनी मागवून घेतलं. आवडलं म्हणे.

काका दिवसभर काउंटरला बसून असतात. कामगार सायकल लावून येतात, पेपर वाचतात, पंख्याखाली घाम वाळवतात, जातात. काका आज मला म्हणाले, मृत्युंजय, काहीतरी कर की रे. मी म्हटलं, डेटा बोलेल. मोठा रिपोर्ट बनवतोय. कलर प्रिंट.

२३ फेब्रुवारी
कमिटीपुढं प्रेझेंटेशन. वाचक तिप्पट! आबासाहेबांनी चार्ट उलटा धरला, मग सुलटा धरला. म्हणाले, वा रे पोरा, लई भारी. म्हणजे वाचक तिकडं, पुस्तकं तिकडं. मग ही खोली कशाला पाहिजे?

सगळ्या कमिटीला चार्ट पहिल्या झटक्यात कळला. एवढं क्लिअर प्रेझेंटेशन मी आयुष्यात दिलं नव्हतं.

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी चार्टकडं.

१ मार्च
टेम्पो आला. टॉवेलचे गठ्ठे बाहेर थांबलेत, कपाटं निघाल्याशिवाय आत येत नाहीत. श्रीदेवी मॅडमनी काकांना तिकडच्या काउंटरला बोलावलंय. बोलावलं हे बरंच झालं.

स्टँडर्डचं आता काय, याचा विचार करत होतो. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलायला दोन सिस्टिम लागतात. आता एकच आहे. टेक्निकली हंड्रेड पर्सेंट कंपॅटिबल.

टेम्पोवाले हिंदुराव म्हणाले, ओ साहेब, विचार नंतर, आधी हे कपाट त्या बाजूनं धरा. धरलं. लई जड होतं. रिकामं असून.

काका पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मांडीवर एक जुनं स्पर्धा परीक्षा गाइड. म्हटलं काका, हे कशाला?

म्हणाले, रिकाम्या हातानं गेलो तर नुसता चहा पाजतील.