फलकावरील तोंड कौतिकनानांचे आहे, तंबाखूचे नाही

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, मोरकुंडे बुद्रुक, जि. धुळे.

अर्जदार : यशोदाबाई लीलाधर बोरसे, वय ६३, रा. मोरकुंडे बुद्रुक.

विषय : आरोग्य केंद्राच्या फाटकावरील फलकाचा मजकूर १९ जानेवारीच्या आत बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २४ डिसेंबर २०२४ चे उत्तर – "छायाचित्र प्रातिनिधिक असून डोळ्यांवर काळी पट्टी असल्याने ओळख उघड होत नाही."

महोदय,

१. आपले उत्तर अर्जदाराने शेजारच्या पुनमकडून दोनदा वाचून घेतले. पट्टी डोळ्यांवर आहे हे खरे. पण साहेब, हे गाव ह.भ.प. कौतिकनाना देवरे यांना डोळ्यांनी ओळखतच नाही, तोंडाने ओळखते. एकवीस वर्षे दर एकादशीला याच तोंडातून कीर्तन ऐकले आहे. ओठावरचा तीळ आणि गळ्यातली तुळशीची माळ फोटोत स्पष्ट दिसतात. वर लाल अक्षरांत लिहिले आहे, 'तंबाखू खाल तर असे व्हाल'.

२. नानांनी जन्मात तंबाखूला बोट लावलेले नाही. मग नोंद कशी झाली, ते अर्जदार देवाला साक्षी ठेवून सांगते. दि. १४ सप्टेंबरच्या दंत तपासणी शिबिरात नानांना अर्जदारानेच नेले होते. हिरड्या सुजलेल्या, चूळ भरली की रक्त. त्या दिवशी एकादशी होती आणि एकादशीला नाना सायंकाळच्या कीर्तनापर्यंत मौन पाळतात. सिस्टर मोनालीताईंनी विचारले, "आबा, तंबाखू का मिसरी?" नानांनी हसून हात जोडले. "किती वर्षं झाली?" नानांनी दोन बोटे दाखवली, म्हणजे दोन वर्षे रक्त येते आहे. ताईंनी तंबाखू, दोन वर्षे, असे लिहिले आणि तोंडाचा फोटो काढून घेतला. त्यांच्या कागदावर 'काहीच नाही' अशी चौकटही नव्हती. मोनालीताईंचा दोष नाही. अर्जदार त्या वेळी चपला सांभाळत बाहेर उभी होती; हे सारे नानांनी मौन सुटल्यावर सांगितले. आत असती तर बोलली असती.

३. फलक लागला त्याच आठवड्यात पानटपरीवाल्या भटूने भर चौकात हाक मारली, "नाना, तुमनी पुडी कोनती शे? आमले बी सांगा!" चारजण हसले. नानाही हसले, पण उपरण्याने तोंड झाकून. ते उपरणे अजून खाली आलेले नाही. पुढच्या एकादशीला मृदंग लागला, टाळकरी उभे राहिले आणि नाना आलेच नाहीत. अर्जदार बोलवायला गेली तेव्हा म्हणाले, "अक्का, बठ्ठा गावनी मन्हं तोंड देखी लिधं. आते ते उघाडीसन काय करू?"

४. पिंपळनेरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्या दाबून पाहिल्या आणि दातांचे राहू दिले, आधी रक्त तपासायला सांगितले. शुगर निघाली ३८२. अर्जदारास आकडा कळत नाही, पण बाईंचा चेहरा कळला. त्या म्हणाल्या, दात चांगलेच आहेत. साखरेने हिरड्या पोखरल्या आणि दात ज्या हाडात उभे राहतात ते हाडच झिजले. वर हिरड्यांतला पू शुगर उतरू देत नाही. दोन्ही दुखणी एकमेकांना धरून बसली आहेत.

५. आता जे लिहायचे आहे ते पुनमच्या हातून लिहून घेताना अर्जदारास लाज वाटते. नानांचा आवाज बसू नये म्हणून अर्जदार पदराच्या गाठीत खडीसाखर बांधून नेत असे. चाल बदलली की पुढे होऊन खडा द्यायचा, नानांनी तो गालात धरायचा आणि पुढचे पद उचलायचे. "अक्कानी खडीसाखर तोंडमा पडनी का सूर उघडस," असे ते माणसांसमोर म्हणत. अर्जदारास तेवढ्याने भरून येई. हिरड्या सुजल्या तेव्हा अर्जदारास उष्णता वाटली, म्हणून गुलकंद सुरू केला. सकाळ-संध्याकाळ, दोन वर्षे. प्रसाद समजून त्यांनी कधी नको म्हटले नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, नुसत्या खडीसाखरेने मधुमेह होत नाही, आई. अर्जदार ऐकून घेते. झोप येत नाही.

६. नानांचे सहा दात उरले आहेत, सगळे हलतात. शुगर थोडी उतरल्याने ते काढण्याची तारीख २१ जानेवारी दिली आहे. गावच्या सप्ताहाचे शेवटचे, काल्याचे कीर्तन १९ ला आहे. कवळी बसल्यावर शब्द कसे उमटतील, ते बाईंनी सांगितले नाही आणि नानांनी विचारले नाही. त्यांच्या स्वतःच्या तोंडचे एवढेच एक कीर्तन राहिले आहे आणि फलक आहे तोवर ते उभे राहणार नाहीत.

७. तरी फलक उतरवू नये. नानांचेच म्हणणे आहे, "फोटो राहू द्या. वरनं लिखाण बदला. कोनाले तरी कामे ई." म्हणून तंबाखूच्या जागी लिहावे की हे मधुमेहाने झाले, हिरड्यांतून रक्त आले तर शुगर तपासून घ्या. नोंदवहीत कारणासमोर एखादे नाव लागतच असेल, तर अर्जदाराचे लिहावे. हरकत नाही.

१९ तारखेला अर्जदार नेहमीच्या जागी, खांबाजवळ बसेल. पदराला गाठ नसेल.

आपल्या फाटकाशी हात जोडून उभी,
यशोदाबाई लीलाधर बोरसे
(डाव्या अंगठ्याची निशाणी)
दि. ७ जानेवारी २०२५

सोबत :
१) रक्त तपासणीचा कागद.
२) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
३) कौतिकनानांचा पुढचा एक दात, पुडीत. श्रावणात कीर्तन चालू असताना खडीसाखरेबरोबर हातात आला. कीड नाही, तंबाखूचा डाग नाही. पाहून झाल्यावर परत मिळावा.