आगळाची किटली

अंधेरी, मंगळवार दुपार

चि. देवेशला ताईचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

फोन तू स्पीकरवर घेतोस आणि आई शेजारी बसून ऐकते, म्हणून हा कागद. वाचून झाला की बंबात घाल.

मुंबईत मित्रांना घेऊन कुठे बसायचं, विचारलंस. मुलुंडला स्टेशनजवळ एक जुना बार आहे, तिथे सुरमई झकास मिळते. घाटकोपरला एक गच्चीवर आहे, निवांत बोलता येतं. बोरिवलीत कुणीही माईक घेऊन गातं, तेव्हा तुझ्या सुबोधला आवर. अंधेरीत मात्र येऊ नका. महाग आहे, आवाजही फार.

हे वाक्य मी तीनदा खोडलं रे. अंधेरीतल्या एका पबमध्ये मीच असते. घरी सांगितलंय तसं हॉटेलच्या रिसेप्शनवर नाही, बारच्या मागे. ड्रिंक मी बनवते. आई सोलकढीसाठी कोकमाचं आगळ पाठवते ना, ते मी जिनमध्ये घालते. लोक त्यासाठी कांदिवलीहून येतात. मेनूवर त्याला नाव काय द्यायचं, मालकाने विचारलं, तर माझ्या तोंडून आईचंच निघालं, सुगंधा. तेव्हापासून धड झोप नाही.

तिचे गुडघे कसे आहेत?

बाबांच्या दारूपायी तिने घरात काचेची बाटली ठेवली नाही, आगळसुद्धा किटलीतून पाठवते. या वेळची किटली घेऊन तू आधी एकटाच पबमध्ये ये.

रिकामी किटली मी दोनदा घासून देईन. तरी घरी नेण्याआधी तू एकदा हुंगून बघ. बाबांच्या वेळेपासून आई हुंगल्याशिवाय कुठलंच भांडं आत घेत नाही.

तुझी,
श्रुतिका