पिवळा झगा आणि पट्टेवाले

संशोधन केंद्र,
ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आईने विणलेले मोजे एकाच दिवशी हाती पडले. मोजे घालून ओढ्यात उतरायचे बूट पायात जात नाहीत, पण हे तिला सांगू नका. रात्री घालते, छान ऊब येते.

काम कसं चाललंय असं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या ओढ्यात बोटभर लांबीचा, अंगावर काळा पट्टा असलेला मासा आहे. आम्ही त्याला पट्टेवाला म्हणतो. डोहाच्या तोंडाशी, जिथे पाणी किडे घेऊन आत येतं, तिथे धष्टपुष्ट पट्टेवाले जागा अडवून बसतात. लहानांना हुसकून कडेला पाठवतात. मी जाळ्याने मासे धरते, पाठीवर बारीक रंगीत मणी टोचते आणि सोडून देते. मग तोंडाला काच लावून पाण्यात पालथं पडायचं आणि मण्याचे किती, बिनमण्याचे किती दिसतात ते मोजायचं. त्यावरून डोहात एकूण मासे किती असतील याचा अंदाज बांधता येतो.

मोजणी एक आठवडा मी करते, एक आठवडा माझा सहकारी. उंच, किडकिडीत, बूट चढवताना एका पायावर उभा राहतो, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणतात. तर बाबा, या बगळ्याला माझ्या तिपटीने मासे दिसतात. त्याच डोहात, त्याच महिन्यात. मला काही हा योगायोग वाटत नाही. पाणीखात्याला याच डोहातून उन्हाळ्यात पाणी उचलायचं आहे. मासे संपतच आले आहेत असं आमच्या अहवालात आलं, तर त्यांना रान मोकळं. बगळ्याचा या ओढ्यावर भारी जीव. पाइप येऊ नये म्हणून तो आकडे फुगवतोय, असं माझ्या मनात घर करून बसलंय. पाइप मलाही नको आहे. पण खोट्या आकड्यांवर मी सही कशी करू?

तुम्ही जन्मभर विमा कंपनीत खोटे दावे पकडलेत. काय करावं ते सुचवा.

आईला नमस्कार.
तुमची,
ठकी


घर,
ता. ११ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून जुना उत्साह अंगात आला. तुझी आई म्हणते की तुमचा चेहरा कुणी गोदामाला आग लावल्यासारखा खुललाय.

पट्टेवाले हाक मारल्यावर नेमके गायब होतात, हा माझा कचेरीतला तीस वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे माशांचं मला नवल वाटलं नाही. तुझ्या सहकाऱ्याचं वाटलं. बगळा आणि त्याच्याच हाती माशांची मोजदाद! पाण्यात बकध्यान लावून बसणाऱ्याचा हिशेब मी तरी तपासल्याशिवाय घेतला नसता.

आता सांगतो ते नीट ऐक. एक, तुझे कागद कुलुपात ठेव. दोन, त्याच्याबरोबर चहा पिणं थांबव. चहाच्या टेबलावर माणूस नको ते बोलून जातो, आणि इथे बोलून जाणारी तू असशील. तीन, तो मोजायला जाईल तेव्हा लांबून पाहा. खरंच पाण्यात उतरतो की काठावर बसून आकडे लिहितो, हे आधी कळलं पाहिजे. आणि चार, कुणाजवळ चकार शब्द काढू नकोस. आरोप एकदा तोंडातून सुटला की परत घेता येत नाही.

आई म्हणते की मुलगा दिसायला कसा आहे तेही लिही. मी म्हटलं, संशयिताचं वर्णन तपासात लागतंच.

मोजे घालत जा.
तुझे,
बाबा


संशोधन केंद्र,
ता. २ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं आणि कोडं आणखीच गुंतलं.

कपाटाला कुलूप घातलं. चहाला जात नाही. बगळ्याने पहिल्या दिवशी कप आणून माझ्या टेबलावर ठेवला, दुसऱ्या दिवशी दारातूनच विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारायचंही सोडलं. आता आम्ही एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतो. मध्ये मासे ठेवायच्या काचेच्या टाक्यांची रांग आहे. मान वळवली की टाकीतून त्याचा वाकडातिकडा चेहरा दिसतो. तोही माझ्याकडेच बघत असतो, असं मला दोनदा वाटलं.

मागच्या आठवड्यात त्याच्या मोजणीच्या दिवशी मी वरच्या खडकामागे जाऊन बसले. बाबा, तो खरंच उतरला. काळा पोशाख घालून पालथा पडला आणि लाकडाच्या ओंडक्यासारखा निश्चल राहिला. थोड्या वेळाने कपारींतून मासे बाहेर आले. पाणी नितळ होतं, मला वरून स्पष्ट दिसत होते. त्याच्या हातांभोवती फिरत होते, बोटांना तोंड लावत होते! तो गेल्यावर मी मासे धरताना आणि मोजतानाही घालते तो माझा पिवळा झगा चढवून, जाळं घेऊन उतरले. सगळा डोह ओस. एका मोठ्या दगडाखाली दोन शेपट्या हलल्या, तेवढंच.

याचा अर्थ उघड आहे. तो त्यांना काहीतरी खायला घालतो. आसपासचे सगळे मासे खाण्यासाठी गोळा होतात आणि हा त्यांची मोजणी करतो. तीही फसवणूकच. शुक्रवारी प्रमुखबाईंकडे जाऊन हे सांगायचं ठरवलंय. त्या कडक आहेत, त्याला ठेवणार नाहीत. वाईट वाटतं, कारण मणी टोचताना मासा ओल्या हाताने धरायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो, हे मला त्यानेच टाकीतल्या माशावर शिकवलं होतं.

दिसायला बरा आहे, असं आईला सांगा.
तुमची,
ठकी


घर,
ता. ६ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हे पत्र शुक्रवारच्या आत मिळावं म्हणून स्वतः टपाल कचेरीत जाऊन टाकतो आहे. प्रमुखबाईंकडे जाऊ नकोस. निदान आठवडाभर नको.

तू काय पाहिलंस? मासे त्याच्याजवळ येतात आणि तुझ्यापासून पळतात. खायला घालताना पाहिलंस का? नाही. ते तू मनानेच जोडलंस. माझ्या हाताखालच्या पोराने असा अहवाल आणला असता तर मी त्याच्या अंगावर भिरकावला असता. संशय घ्यायला मीच सांगितलं हे खरं, पण संशय घेणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं.

एका कारखान्याच्या आवारातला कुत्रा माझ्यावर फाडून खाईल असा भुंकायचा आणि माझ्या मदतनिसापुढे शेपूट हलवायचा. मालक म्हणाला, साहेब, जनावराला माणूस कळतो. मला राग आला. मग एकदा ऊन होतं म्हणून मी मदतनिसाला माझी टोपी दिली, तर कुत्रा त्याच्यावर धावला. तसल्या टोपीचा रखवालदार त्याला मारायचा, असं मागाहून समजलं.

म्हणून असं कर. एक दिवस तू त्याचा काळा पोशाख घाल आणि त्याला तुझा पिवळा झगा घालायला दे. त्याने खायला घालून मासे माणसाळवले असतील, तर ते काळ्याकडे धावतील. पण एवढ्याने भागणार नाही. मग दोघांनी तिसऱ्याच रंगाचा, माशांनी कधी न पाहिलेला पोशाख घालून उतरा. तिथे खाण्याची आशा नाही आणि भीतीही नाही. तेव्हा मासे काय करतात ते पाहा. त्याला कारण काय सांगायचं ते तू ठरव, पण खोटं सांगू नकोस.

आईचं म्हणणं असं की बऱ्या दिसणाऱ्या माणसाचा चहा नाकारायला सांगणारा बाप तिने दुसरा पाहिला नाही.

तुझे,
बाबा


संशोधन केंद्र,
ता. १९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. एक दिवस उशीर झाला असता तर मी प्रमुखबाईंच्या दारात उभी असते.

मी बगळ्याला म्हटलं की आपले आकडे जुळत नाहीत, कपडे बदलून पाहू या. तो माझ्याकडे रोखून बघत लगेच हो म्हणाला. इतक्या चटकन की मला पुन्हा शंका आली. माझा झगा त्याला गुडघ्यापर्यंत आला. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली, पण तो हसला नाही.

आधी तो पिवळ्यात उतरला. त्याच्या वाट्याला तोच ओस डोह आणि त्याच शेपट्या. मग मी काळ्यात. बाबा, मी तिथे वर्षभर काम करतेय, पण तो डोह मी पहिल्यांदा पाहिला. तोंडाशी दांडगे, मागे मधले, कडेला चिल्लीपिल्ली. माझ्या बोटांना एकाने येऊन तोंड लावलं तेव्हा मला वाटलं, बघा, खाऊ शोधतोय. मग दुसऱ्या दिवशी केंद्राच्या अडगळीतले राखाडी पोशाख घालून आम्ही आळीपाळीने उतरलो. मासे जवळ धावले नाहीत आणि पळालेही नाहीत. थोडे बिचकले, मग आपापल्या जागी आपल्या पोटाच्या उद्योगाला लागले. आमचे दोघांचे आकडे जवळजवळ जुळले आणि ते त्याच्या जुन्या आकड्यांजवळच होते. बोटांना तोंड लावणं म्हणजे नुसती चौकशी. रंग ओळखीचा झाला आणि भीती गेली की ते तसं करतात.

खाऊ नव्हताच, होती ती माझी दहशत. या ओढ्यात मासे धरणारी, टोचणारी मी एकटी, आणि दर वेळी पिवळ्या झग्यात. मण्याचे मासे तो पिवळा पाहताच कपारीत शिरायचे, त्यांच्या मागोमाग बिनमण्याचे. मी मोजत होते ते मासे नव्हते, मला न घाबरणारे मासे होते. ते फारच थोडे उरले होते.

अंगं पुसताना बगळ्याने विचारलं की तू परीक्षा माशांची घेत होतीस की माझी. मी खरं ते सांगितलं. दोघांची, म्हटलं. खडकामागे बसले होते तेही सांगितलं. त्याने बुटांतलं पाणी उलटं करून ओतलं. जाताना तुमचा पत्ता मागून घेतला. काय लिहिणार आहे कोण जाणे. अहवाल दोघांच्या सहीने गेला, पण माझं वागणं त्याला चांगलंच लागलंय.

तुमची,
ठकी


संशोधन केंद्र,
ता. २३ मार्च

श्री. बाबासाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी आपण मला ओळखता असं समजतं. मी बगळा.

आपल्या मुलीने आपल्या सल्ल्याबद्दल सगळं सांगितलं. तिला वाटतं मी रागावलो आहे. मी गप्प आहे त्याचं कारण वेगळं आहे आणि ते तिच्या तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून आपल्याला लिहितो.

फेब्रुवारीपर्यंत आमचं उत्तम जमत होतं. मग एकाएकी तिने कपाटाला कुलूप घातलं, चहा बंद केला, बोलणं तोडलं. त्याच दिवसांत पाणीखात्याच्या इंजिनिअरच्या गाडीतून ती दोनदा केंद्रावर उतरली. तिचे आकडे माझ्या आकड्यांचा तिसरा हिस्सा, आणि कमी आकडे खात्याच्या सोयीचे. मी दोन आणि दोन चार केले. ती विकली गेली, असं मी धरून चाललो होतो. तिने कपडे बदलायची गोष्ट काढली तेव्हा मी तत्काळ हो म्हटलं, कारण मला तिला रंगेहाथ पकडायचं होतं. तिची सायकल पंक्चर होती म्हणून त्या माणसाने तिला दोन्ही वेळा केंद्रावर सोडलं होतं, हे मला परवा कळलं. एका शब्दाने विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

हे पत्र पाठवण्याआधी तिला वाचायला देणार आहे. पुढची ओळ ती वाचून झाल्यावर लिहितो.

दिलं. वाचून तिने कागद टेबलावर ठेवला आणि तोंडावर हात धरून इतकी हसली की प्रमुखबाई बाहेर आल्या. मग जरा रडली. मग मला चोर म्हणाली, मी तिला चोर म्हटलं, आणि चहा झाला.

कामाचं राहिलंच. खात्याने पाइपचा निर्णय लांबवला आहे. एक स्वतंत्र मोजणी हवी, म्हणतात. आमच्या दोघांपैकी कुणाचीही नको. प्रमुखबाईंनी विचारलं की कुणावरही पटकन विश्वास न ठेवणारा, स्थिर बसणारा माणूस कुणाच्या माहितीत आहे का. आम्ही दोघांनी एकदमच आपलं नाव घेतलं. काच लावून पालथं पडायला आठवड्यात शिकवतो. माशांना आपण अनोळखी आहात, ही मोठीच जमेची बाजू.

काकूंनाही आणावं. मनात किल्मिष उरलं नसेल, तर येऊन ते पटवून द्यावं.
आपला,
बगळा


घर,
ता. २७ मार्च

चि. बगळ्यास,
अ. आ.

पत्र मिळालं. तुमच्या दोघांच्या तपासात एकच मोठी चूक झाली, ती म्हणजे मला विचारणं.

मंगळवारी दुपारच्या गाडीने दोघं येतो. हिने तुमच्या मापाचे मोजे विणायला घेतले आहेत, पायाची लांबी अंदाजानेच धरली आहे. राखाडी पोशाख माझ्या पोटावर बसतो का ते पाहून ठेवा.

पाणी फारसं गार नसतं, असं ठकी म्हणते. तुम्ही काय म्हणता ते वेगळ्या कागदावर, तिला न दाखवता कळवा.

तुमचे,
ठकीचे बाबा