पावावरची चकाकी

सोमवार, ४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडून टाक आणि मगच पुढे वाच. कोपऱ्यावरच्या व्हीगन हॉटेलात दुधाचा एक थेंबही नसतो, असं मी तिसऱ्या पानावर छातीठोकपणे लिहिलं होतं. ते चूक आहे. रश्श्यात नसतो, भातात नसतो, गोडात नसतो. पावावर असतो.

त्याहून मोठी चूक माझी आहे. शाळा लांब म्हणून पहिली तीन वर्षं तू मला घरीच शिकवलंस आणि पत्र लिहायला बसवताना नियम घातलास की डोळ्यांनी पाहिलेलं सरळ लिहायचं, नुसतं कानांनी ऐकलेलं असेल तर त्याखाली रेघ मारायची. त्या वाक्याखाली रेघ हवी होती. हॉटेलच्या मालकीणबाईंनी मला तसं सांगितलं होतं. मी काही स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं नव्हतं. पण वांग्याचा तो रस्सा असा होता की रेघेचं भानच राहिलं नाही.

आता कळलं कसं, ते सांगते. माझी खोली बेकरीच्या वर आहे आणि बेकरीवाल्या काकू माझ्या घरमालकीण. काल सकाळी नेहमीसारखी पाव घ्यायला खाली उतरले, तर काकू मऊ कुंचला घेऊन ताटांमधल्या पावांवर हात फिरवत होत्या. पाव कसे आरशासारखे दिसत होते. मी कौतुक केलं, तर त्या खुलल्या आणि म्हणाल्या की ही सगळी दुधाची करामत. शेजारी हिरवे क्रेट होते आणि त्यांवर त्या हॉटेलचं नाव रंगवलेलं होतं. हे सगळं मी पाहिलेलं आहे. मी घाबरत घाबरत विचारलं की त्या हॉटेलला बिनदुधाचा पाव लागतो ना. काकू म्हणाल्या की हो तर, म्हणूनच त्यांचं पीठ वेगळं, नुसत्या पाण्यात मळते. आणि वरून फिरवलेलं ते काय मेलं दूध झालं?

आत्या, मी काहीच बोलले नाही. पाव घेतला आणि जिना चढून वर आले.

मला सगळ्यात वाईट वाटतंय ते तुझं. एकोणीस वर्षं तू दूध, तूप, दही काही घेतलं नाहीस. गुरांची डॉक्टर म्हणून जन्मभर गोठ्यांत काढल्यावर वासरांच्या वाट्याचं आपण खायचं नाही, असं ठरवलंस आणि निभावलंस. प्रत्येक लग्नात, प्रत्येक प्रवासात स्वतःचा डबा घेऊन कडेला बसलीस. निवृत्तीनंतरच्या या सहलीत तुला एकच गोष्ट हवी आहे : मोठ्या शहरातल्या चांगल्या हॉटेलात बसायचं, कुणाला एकही प्रश्न न विचारता हवं ते मागवायचं आणि पोटभर जेवायचं. तेवढं एक काम तू माझ्यावर सोपवलंस आणि मी त्यात माती खाल्ली.

तुम्ही तेवीस तारखेला, शनिवारी येताय. म्हणजे एकोणीस दिवस आहेत. दुपारची सुट्टी आणि रविवार, एवढ्यात दुसरं हॉटेल शोधते.

बाबांना नमस्कार. मायेत काटछाट करू नकोस.

तुझी,
मुंगी


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोटभर हसले. चार पानांच्या पत्रातल्या एका ओळीसाठी पुन्हा चार पानं लिहिणारी तूच. लहानपणी पाढे म्हणताना एक आकडा चुकला की तू पुन्हा दोनच्या पाढ्यापासून सुरुवात करायचीस, तशातली गत.

माझं काही बिघडलं नाही, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. डबा शेजारणीला देऊन टाकला होता, तो जाऊन परत मागून आणला. तिने त्यात चार दिवसांतच बटणं भरून ठेवली होती. आता घासूनपुसून लख्ख केलाय. डबा खांद्याला लावून हिंडायची मला सवय आहे. खरा कंटाळा डब्याचा नाही, प्रश्नांचा आहे. यात लोणी आहे का, त्यात साय आहे का, फोडणी कशाची. विचारून विचारून माझंच तोंड मला नकोसं झालंय, आणि समोरच्याचा चेहरा बघितला की वाटतं, आपण जेवायला नाही, झडती घ्यायला आलोय.

तुझा बाप म्हणतो की बरंच झालं, आता एखाद्या साध्या हॉटेलात जाऊ आणि त्याला साजूक काहीतरी मिळेल. मी त्याला सांगितलंय की माझ्या निवृत्तीला साजूक खाणाऱ्याने स्वतःचं तिकीट रद्द करावं.

ऐकण्याच्या यंत्रांसाठी कानांचे साचे बनवण्याचं शिक्षण कुठवर आलं? त्याबद्दल मागच्या खेपेस दोनच ओळी होत्या. तू तिथे हॉटेलं शोधायला गेलेली नाहीस, एवढं लक्षात ठेव.

जिवाला जप, आणि या म्हातारीवरचा जीव असू दे.

तुझी,
आत्या

ता. क. मुंगे, मी बाबा. हिने पाकीट चिकटवायच्या आधी लिहितोय. हसली वगैरे काही नाही. तुझं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला, परत पुसला. मग संध्याकाळी डबा आणायला गेली. साजुकाचं मी मुद्दाम म्हटलं, म्हणजे निदान भांडेल तरी. तू शोध.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आजपर्यंत तीन ठिकाणं झाली. तिन्ही ठिकाणी आत जाऊन पाहिलं.

पहिलं, वाचनालयामागच्या गल्लीतलं. संपूर्ण व्हीगन, आत सगळं स्वच्छ, डबे उघडून दाखवले. पण मेन्यूमध्ये सुपाचं वर्णन सहा ओळी आणि सुपाला चव पेन्सिलीच्या सालपटांची. मी मीठ मागितलं तर मालक म्हणाले की जिभेला शिस्त लागायला महिनाभर जातो. तुम्ही तर इथे आठच दिवस असणार. आणि कोपऱ्यावरच्या रश्श्याशी तर तुलनाच नको.

दुसरं, बस डेपोसमोरचं. घेवड्याची उसळ बरी होती, म्हणजे कोपऱ्यावरच्यासारखी नाही, पण चांगलीच. तिथले आचारी फार सरळ. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी सांगितलं की तवा एकच आहे आणि त्यावर ऑम्लेटही होतं. त्यांच्या खरेपणाला नमस्कार केला आणि यादीतून नाव काढलं.

तिसरं, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावरचं. तिथल्या वेटरने मला आतड्यांविषयी पंचवीस मिनिटं सांगितलं. ताट यायच्या आत माझी सुट्टी संपली. त्यामुळे चवीबद्दल मी काही लिहू शकत नाही. दूरच्या टेबलावरच्या रश्श्याचा रंग मात्र कोपऱ्यावरच्यासारखा नव्हता.

कामाचं विचारलंस. मऊ गुलाबी लगदा कानात भरायचा, चार मिनिटं माणसाला हलू द्यायचं नाही, मग अलगद काढायचा. त्यावरून साचा, मग कानस. माझे एक्केचाळीस कान झाले. काल एक आजोबा त्या चार मिनिटांत घोरायला लागले, आणि लगदा काढल्यावर म्हणाले की घरी एवढी शांतता कधी मिळत नाही, दुसऱ्या कानातही भरा आणि तसंच राहू द्या. आमच्या बाई म्हणतात की माझा हात चांगला आहे, पण साचा झाल्यावर मी तो नको इतक्या वेळा तपासते.

अकरा दिवस उरलेत. अजून चार पत्ते आहेत. बाबांना सांग, ता. क. पोचला.

रागावली असलीस तरी अर्धाच राग धर.

तुझी,
मुंगी


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा अहवाल तुझ्या बाबाने मोठ्याने वाचला. आतड्यांपाशी त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. त्याने कोणता ता. क. लिहिला होता, हे मी विचारणार नाही, कारण पाकिटाला डिंक त्यानेच लावला होता आणि दोन बोटं तशीच घेऊन तो दिवसभर हिंडत होता.

आता कामाचं. एका पत्रात कोपऱ्यावरच्या हॉटेलची आठवण तीनदा. तिथला रस्सा तुझ्या मनातून जात नाही. बाकी सगळं तिथे बिनदुधाचं आहे, फक्त पावावर कुंचला फिरतो. मग बाई, तो कुंचला थांबवायचं सोडून तू सहा मजले कशाला चढलीस?

तू हे त्या दोघींपैकी कुणाला सांगितलंस? पहिल्या पत्रात लिहिलंस की काहीच बोलले नाही. दुसऱ्यात तो विषयच नाही. तू विसरणाऱ्यांतली नाहीस, म्हणजे टाळते आहेस. कारणही मला दिसतंय. बेकरीवाली तुझी घरमालकीण, प्रेमाने वागवते, तिचं गिऱ्हाईक तुटेल आणि तुझ्यावर बोल येईल, अशी तुला भीती.

माझं सोड. मी डबा आणेन. पण माझ्यासारखी आणखी माणसं त्या टेबलांवर रोज बसत असतील. त्यांना कुणी पत्र लिहिलेलं नाही. आणि ती मालकीण, तुझ्या लिहिण्यावरून तरी, खोटं बोलणारी वाटत नाही. तिला बिचारीला ठाऊकच नसेल.

मी जबरदस्ती करत नाही. तू काय करशील ते मला मोकळेपणाने कळव, एवढंच. आणि बोलायला जाशील तेव्हा पोटात काहीतरी घालून जा, उपाशीपोटी तुझा आवाज बसतो.

तुझ्यावरचा जीव आहे तेवढाच आहे.

तुझी,
आत्या


रविवार, १७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पेटीत येऊन पडलं होतं, ते आज सकाळी हातात आलं. एक दिवस आधी मिळतं तर किती बरं झालं असतं. काल मी जे करून बसले आहे ते वाचून तू मला मुंगी म्हणायचं सोडशील.

सगळे पत्ते संपले, म्हणून काल दुपारी पुन्हा कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले. फक्त रस्सा-भात घेतला. शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या, बोटांना खडू लागलेला, शिक्षिका असाव्यात. मी नेहमीची दिसते म्हणून त्यांनी मला विचारलं की इथल्या पावात खरंच दूध वगैरे नसतं ना. आत्या, तू ज्यांच्याबद्दल लिहिलंस, तीच ही बाई. माझ्या तोंडून निघालं की पाव घेऊ नका. त्यांनी का म्हणून विचारलं. आणि मी म्हणाले, शिळा आहे.

मी खोटं बोलले. कारण खरं सांगितलं तर काकूंचं नाव येईल, म्हणून.

मालकीणबाई पाण्याचा जग घेऊन माझ्या मागेच उभ्या होत्या. मला त्या 'आमच्या पारखी ताई' म्हणतात. त्यांनी एक पाव तोडला, हुंगला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना तो शिळा वाटला असेल असं नाही, पण मी म्हटलं म्हणून शंका आली. त्यांनी सगळ्या टेबलांवरचे पाव उचलले, प्रत्येकाची माफी मागितली, आणि संध्याकाळी क्रेट चिठ्ठीसकट बेकरीत परत.

पुढचं लिहायलाच हात धजत नाही. मी घरी पोचले तेव्हा काकू गल्ल्यापाशी चिठ्ठी घेऊन बसल्या होत्या. अकरा वाजता भट्टीतून निघालेला पाव. शिळा पाठवलाय असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी परत आलेला एक पाव माझ्याच हातात दिला आणि म्हणाल्या की तू खा आणि खरं सांग. मी खाल्ला आणि ताजा आहे म्हणाले. एकाच पावाला एकाच दिवशी मी एकीकडे शिळा म्हटलं आणि दुसरीकडे ताजा. दोन्ही वेळा समोरच्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला.

काकू कणीक मळताना गुणगुणतात, ते मला वर खोलीत ऐकू येतं. आज सकाळी ऐकू आलं नाही. आज त्यांनी रोजच्यापेक्षा तासभर आधी भट्टी लावली, पावात कशाचीच कसर राहायला नको म्हणून. आणि माझ्या दारात गरम पाव ठेवला होता, नेहमीसारखाच. तो मी तसाच फडक्यात गुंडाळून ठेवला.

तुझं पत्र वाचून मी खूप वेळ विचार केला. क्रम महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. आधी काकूंना सांगायचं, हॉटेलात नाही. पाव त्यांचा आहे आणि बदनामी त्यांचीच झाली आहे. शिळा मी म्हटलं, हे पहिलं. दुधाचा कुंचला, हे दुसरं. ज्यांच्यासाठी पाव जातो त्यांना वरचं दूधही चालत नाही, हे तुझं उदाहरण देऊन सांगेन. तू चालवून घेतेस ना गं, तुझं नाव सांगितलेलं? मग काकू येतील तर त्यांच्याबरोबर, नाही तर एकटीने हॉटेलात जायचं आणि मालकीणबाईंना तेच सगळं पुन्हा सांगायचं. दूध न लावता चकाकी कशी आणायची ते काकूंना सुचेल. किंवा पाव बिनचकाकीचा जाईल. तो तसाही चांगलाच लागेल. पीठच चांगलं आहे.

काकूंनी खोली सोडायला सांगितली तर कामावरच्या एका मैत्रिणीने तिच्याकडे गादी टाकायची तयारी दाखवली आहे. मालकीणबाईंनी मला दारातूनच परत पाठवलं तर तुम्ही दोघं माझ्याविना जा. मी समोरच्या बाकावर बसेन. तू आत बसून एकही प्रश्न न विचारता जेवते आहेस, एवढं काचेतून दिसलं तरी मला पुरे आहे. पण ते होईलच असं मी आज लिहू शकत नाही. डबा आणायचा की नाही, ते मी बोलून आल्यावर त्याच संध्याकाळी कळवते. पत्र तुम्ही निघायच्या आत पोचेल.

एक-दोन दिवसांत सवड बघून काकूंशी बोलेन.

बाबांना नमस्कार. माझी लाज वाटली तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
मुंगी

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. 'एक-दोन दिवसांत सवड बघून' हे टाळणाऱ्या माणसाचं वाक्य आहे, ते खोडलं आहे. उद्या सोमवारी हॉटेल बंद असतं, आणि काकूंना सांगून दुसरीकडे सांगायला रात्र मधे जाऊ द्यायची नाही. दुपारी तीनला भट्टी रिकामी असते आणि काकू स्टुलावर बसून चहा घेतात. आमच्या बाईंच्या घरी जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली आहे, मिळाली आहे. जेवून जाईन. मंगळवारी, एकोणीस नोव्हेंबरला, दुपारी तीन वाजता.